त्यांची उष्णता, आमची घाण

"शर्ट काढ."

दूध घालायला आलेल्या रांगेसमोर चेअरमन मला म्हणाले. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत मी माप घ्यायचो. मानेवर आलेला नायटा कॉलरखाली लपवला होता. तो त्यांना दिसला.

मी शर्ट काढला. काखेत, कमरेभोवती लाल कडांची वर्तुळं. खाजवून रक्ताळलेली. बायांनी तोंड फिरवलं. मागून कुणीतरी हसलं, "नकाशा हाय की बे अंगावर!"

चेअरमन म्हणाले, "बघा. बौद्धवाड्यातली घाण. अंग धुवायला काय होतंय ह्यांना? उद्यापासून मापाला हात लावायचा न्हाई. बाहेर बसून कॅन धू."

अंग धुवायला काय होतंय! दुष्काळ होता. सरकारी टँकर चेअरमनच्या मळ्यालगतच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आमच्या वस्तीचा हौद कोरडाच राहायचा. आमच्या बायांनी पोहऱ्याला शिवायचं नाही. गावाचं भरून झालं की कुणीतरी वरून ओतणार. कधी घागरभर, कधी नुसता गाळ. ते प्यायचं की त्यात धुवायचं?

आणि हा माणूस स्वतः खुर्चीत बसून दिवसभर जांघ खाजवायचा. "लई उष्णता झालीय," म्हणायचा. त्याची ती उष्णता. आमची घाण.

हे मला तिथं बोलता आलं नाही. खरं सांगतो, मला चेअरमनचं म्हणणं पटलं होतं. घरी जाऊन बायकोवर ओरडलो, "कपडे नीट धूत न्हाईस, कावून?" तिनं रिकामी घागर माझ्यासमोर आणून ठेवली.

कॅन धुताना पँट दिवसभर ओली राहायची. नायटा जांघेत उतरला. मेडिकलवाला सगळ्यांना देतो तीच ट्यूब त्यानं मला दिली. खाज लगेच थांबली. लावायची बंद केली, तर दुप्पट भडकला. पुन्हा लावली. मग एकदा पोरीची वेणी घालताना बायकोनं हाक मारली. पोरीच्या मानेवर तसंच वर्तुळ. घरात टॉवेल एकच होता. माझ्या अंगाचा तोच तिच्या अंगाला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी पसरत राहते. फेकून द्या."

"बुरशी?"

"हो. घामात, ओलीत वाढते. मोठमोठ्या घरातले लोक हीच घेऊन येतात माझ्याकडं."

घरातल्या तिघांनीही औषध घ्यायचं. डाग गेले तरी त्या सांगेपर्यंत थांबवायचं नाही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. अंग कोरडं ठेवायचं. कपडे रोज धुऊन कडक उन्हात वाळवायचे.

"रोज धुवायला पाणी, मॅडम?"

त्यांनी औषधाची चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "त्याचं औषध माझ्याकडं नाही."

परतताना एसटीच्या खिडकीतून ती ट्यूब फेकून दिली. इतके दिवस मी स्वतःच्या कातड्याची लाज धरली होती. पोरीचं पाणी अडवणाऱ्याला मात्र नमस्कार घालत होतो!

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. वस्तीतल्या बायांना घेऊन टँकरच्या वाटेत उभा राहिलो.

"चेअरमनला इचारा, भाऊ," ड्रायव्हर म्हणाला.

"सरकारचं पाणी हाय. वस्तीच्या हौदात सोड."

चेअरमन मोटारसायकलवर आले. "कामावरून काढीन बे."

"काढा."

"लई माज आला का?"

बायको पुढं झाली. "न्हाई मालक. पोरीला नायटा झालाय. पाणी पायजे."

कुणी हललं नाही. शेवटी ड्रायव्हरनं टँकर वळवला आणि पाइप आमच्या हौदात सोडला.

नोकरी गेली. औषध शेवटपर्यंत घेतलं. पोरीची मान साफ झाली.

यंदा पुन्हा टँकर सुरू झालेत. संस्थेतून निरोप आला, माफी माग, माप परत देतो. मी गेलो नाही. जाणारही नाही. टँकर विहिरीकडं वळताना दिसला, तर त्याच्या चाकापुढं मी बसणार.