तूर्त काम भागत आहे

आमच्या शाळेच्या व्यायामशिक्षकांना मुलं शिट्टीसर म्हणत आणि हळूहळू आम्हीही म्हणायला लागलो. बुटाच्या नाडीत ओवलेली शिट्टी गळ्यात, खिशात खडू आणि चालणं असं, की त्यांच्या शेजारी व्हरांड्यातसुद्धा आपले पाय तालात पडावेत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची दाराजवळची. कुणाचा गणिताचा धडा मागे पडला की हक्काने पीटीचा तास कापला जायचा. सर आधी कुरकुरले, मग हसण्यावारी न्यायला शिकले. "माझा विषय पोटासारखा आहे ताई," ते मला म्हणायचे, "दुखेपर्यंत कुणाला आठवत नाही."

मी या शाळेची कारकून. आलेला प्रत्येक अर्ज नोंदवहीत चढवायचा आणि मोठ्या बाईंपुढे, म्हणजे मुख्याध्यापिकांपुढे ठेवायचा, हे माझं काम. बाईंना तक्रारीचा सूर खपत नसे. सरांनी पहिल्यांदा अर्ज दिला, की उडीच्या लाकडी घोड्यापुढची गादी मधोमध पातळ झाली आहे, नवीन मिळावी. बाईंनी दोन ओळी वाचल्या आणि "यांचं रोजचंच रडगाणं" म्हणत कागद परत केला.

सर तोंड पाडून माझ्या टेबलाशी आले. मी ऑफिसात मुरलेली बाई. म्हटलं, "सर, शेवटी एक मऊ ओळ घाला. 'तूर्त काम भागत आहे' असं लिहा. बाईंना बरं वाटतं, अर्ज निदान फाइलला तरी लागतो." आम्ही सगळेच तसं करायचो. पंखा असो, नळ असो, फळा असो, ती ओळ आम्ही मिठासारखी वापरायचो. सरांनी तिथेच उभ्याउभ्या ओळ घातली. अर्ज फाइलला लागला.

तीन वर्षांत असे अकरा अर्ज लागले. गादी काही आली नाही. दर सुट्टीत सर दाभण आणि सुतळी घेऊन हॉलमध्ये मांडी ठोकायचे आणि उसवलेली गादी शिवायचे. मी एकदा चिडवलं, "सर, घरी कधी बटण तरी लावता का?" तर म्हणाले, "घरचे लोक एवढ्या उंचावरून पडत नाहीत."

सातवीत एक लांब पायांची मुलगी होती. सर तिला नाकतोडा म्हणायचे. घोड्यावरून अशी जायची की हात लागला की नाही कळू नये. त्या दिवशी तिचा नंबर आला, सरांनी शिट्टी दिली, ती धावली, पार गेली आणि गादीच्या नेमक्या मधोमध पडली. उजवं कोपर खालच्या फरशीवर आपटलं. सरांनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात आता पुरता सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिचे वडील शिंपी. ते आले ते आरडाओरडा न करता थेट हॉलमध्ये गेले आणि गादीजवळ बसले. शिवणीवरून बोट फिरवत विचारलं, "ही कुणी घातली?"

"मी," सर म्हणाले.

"शिवण चांगली आहे. आतला कापूस मेलाय." एवढंच बोलून ते उठले. आठवड्याभरात त्यांच्या वकिलाची नोटीस आली. मुलीच्या हाताची जबाबदारी शाळेने घ्यावी, एवढीच मागणी होती.

मग शाळेच्या समितीची बैठक बसली. मोठ्या बाई, समितीचे चारजण, शाळेचे वकील, नाकतोडा आणि तिचे वडील, समोर सर, आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी. वकील गोड बोलणारे होते. आत जाण्याआधी त्यांनी सरांना व्हरांड्यात समजावलं होतं आणि मी ते ऐकलं होतं. "शिट्टीच्या आधीच मुलगी धावली, असं सांगा. म्हणजे शिस्त तिने मोडली. शाळाही सुटते, तुम्हीही सुटता. आणि कृपा करून माफी मागू नका, माफी म्हणजे कबुली."

बैठकीत आधी मुलीला विचारलं. गळ्यात हाताची झोळी, नजर जमिनीवर. "मी कदाचित लवकर धावले असेन," ती म्हणाली. घरी, वर्गात, सगळीकडे इतकं विचारून झालं होतं, की तिचं तिलाच खरं वाटेनासं झालं होतं. मला त्या खोलीतल्या सगळ्यांचा संताप आला. माझाही आला.

सर उठले. "शिट्टी झाली होती. उडी अगदी बरोबर होती. गादी खराब होती आणि ते मी अकरा वेळा लिहून दिलंय."

वकिलांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी फाइल उघडली. "खरं आहे, अकरा अर्ज आहेत. आणि अकराही अर्जांत तुम्हीच लिहिलंय, तूर्त काम भागत आहे. म्हणजे गादी चालण्याजोगी आहे असं तुम्हीच शाळेला कळवत होता. शाळेने तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढाच शाळेचा दोष." मग त्यांनी सहज विचारलं, "हे वाक्य कुणी घालायला सांगितलं होतं का?"

माझं पेन थांबलं. मी बोलले असते तर बाईंनी मला त्याच दिवशी दार दाखवलं असतं, आणि माझ्या घरात कमावणारी मी एकटी. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही," ते म्हणाले. "वाक्य माझंच आहे."

आणि मी ते लिहून घेतलं. स्वच्छ अक्षरात.

समितीने ठरवलं की जबाबदारी शिक्षकाची, शाळेची नाही. शिंप्यांनी ते मानलं नाही, दावा लावला. तो अजून चालू आहे, तारखांवर तारखा पडताहेत. सरांना आधी रजेवर पाठवलं, मग काढलं. जाताना त्यांनी शिट्टी माझ्या टेबलावर ठेवली. "शाळेच्या सामानात आहे ताई, माझ्या नावावरून कमी करा." मी तशी नोंद केली. पुढच्याच महिन्यात नवीन गादी आली. कुणी अर्जही केला नव्हता.

नाकतोडा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली, तेव्हा वडील फाटकाबाहेरच उभे राहिले. ती एकटी आत आली. दाखला घेतला, पण जाईना.

"बाई, सर माझ्यासाठी खोटं बोलले ना?"

"नाही गं. शिट्टी झाली होती."

"तुम्ही कुठे होता तिथे?" तिने हळूच विचारलं. मी खरंच तिथे नव्हते. "त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. तिचे डोळे भरले आणि ते पुसायला तिने चुकून उजवा हात उचलला. तो अर्ध्यावर थांबला.

तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. तोंडात तयार होतं. ऑफिसात आम्ही दोघीच होतो, मोठ्या बाई आपल्या खोलीत होत्या. मध्ये दार होतं, आणि ते उघडं होतं.

मी पोचवही तिच्यापुढे सरकवली. "इथे सही कर."

तिने डाव्या हाताने सही केली. तिला बराच वेळ लागला.