मामाजींचा खिडकीतला पेशंट

गोंदिया जिल्ह्यात लोखंडाचं जे काही तुटतं, ते आधी माझ्या बायकोच्या मामांना कळतं आणि मग त्याच्या मालकाला. हे मी जवाई म्हणून कौतुकाने सांगत नाही, भोगलेला माणूस म्हणून सांगतो. मामाजींची सारी नोकरी नागपूरला, विद्यापीठातल्या एक्स-रे यंत्रावर गेली. बरगड्या दाखवणारा तो एक्स-रे नव्हे. हा धातूच्या आत काय चाललंय ते सांगणारा. पद प्रयोगशाळा सहायकाचं. पण प्राध्यापक बदलले, यंत्रं बदलली, मामाजी होते तिथेच राहिले, आणि नव्याने रुजू होणाऱ्याने आधी विभागप्रमुखांना भेटायचं की मामाजींना, याबद्दल तिथे दोन मतं होती म्हणतात. निवृत्त होऊन ते गोंदियाजवळच्या मुर्रीच्या घरी परतले आणि त्यांना धक्काच बसला. गोंदियाच्या चहूबाजूंनी राईस मिली, त्यांना सुटे भाग पुरवणारे माझ्यासारखे लहान कारखानदार, आणि विद्यापीठाचं यंत्र कारखान्यांनाही वापरायला मिळतं हे यातल्या एकालाही ठाऊक नाही. "मनाई कोणालेच नाही जी," ते म्हणायचे. "पण येते कोण? आपला माल तुटते हे सांगाची लाज वाटते लोकाईले."

ही लाज घालवण्याचं काम त्यांनी बिनपगारी पत्करलं. मोपेडला दोन पिशव्या असायच्या, एकीत भाजी, दुसरीत तुटके तुकडे. मामी पिशवी उघडताना आधी हलवून बघायच्या. वाजली तर मामाजींची, नाही वाजली तर स्वयंपाकघराची. बिरसीला एका लग्नात बुंदी पाडताना झारा दांड्यापासून तुटला. सगळे बुंदीच्या काळजीत, मामाजी झाऱ्याच्या. नुकताच गळ्यात पडलेला मानाचा दुपट्टा त्यांनी काढला, झारा त्यात गुंडाळला आणि न जेवता घरी निघाले. तुटलेल्या जागेला ते स्वतः हात लावत नसत, दुसऱ्याला लावू देत नसत. "जखमेवर बोट ठेवाचं नाही. तिथंच तं सारं लिहून राहते." नागपूरला जाताना गाडीत खिडकीची जागा तुकड्याला आणि मामाजी उभे. कोणी हटकलं तर गंभीरपणे सांगायचे, "पेशंट आहे." लोक गाठोड्याकडे पाहून सरकून बसायचे.

माझं त्यांच्याशी खरं नातं जुळलं ते माझ्या शाफ्टमुळे. माझा कारखाना आठ माणसांचा. तांदूळ पॉलिश करण्याच्या यंत्राचे शाफ्ट आम्ही बनवतो, आणि निम्म्याहून जास्त माल एकाच शेठजींच्या मिलीत जातो. तिथे माझे तीन शाफ्ट लागोपाठ तुटले. शेठजी आवाज न चढवता म्हणाले, "भैया, चौथा टूटा तो माल रायपूर से आएगा." मी इंजिनिअर असल्यामुळे मला कारण तात्काळ समजलं: बुधरामजी. माझ्या वडिलांच्या काळापासूनचे आमचे कारागीर, लेथही त्यांचा आणि भट्टीही. वय झालं, हात हलायला लागला, नजर चुकायला लागली, असं मी ठरवून टाकलं. त्यांचा हात हलताना मी कधी पाहिला नव्हता, पण सिद्धांत पक्का होता. जेवताना बायकोला म्हणालो, दिवाळीनंतर त्यांना आराम देतो. पाहुणे आलेले मामाजी भातात वरण कालवत होते. त्यांचा हात थांबला.

"तपासल्याबिगर, जवाईबापू?"

"त्यात तपासायचं काय?"

"कायले घाई करून राहिले? त्याचे हात काढून घेता तुमी. आंधी शाफ्ट दाखवा मले."

विद्यापीठात जायचं म्हणजे वस्तू कशी हवी? मी तुटलेला शाफ्ट ग्राइंडरवर घासला, पॉलिश पेपर मारला, चंदेरी रंगाचे दोन हात दिले आणि कारखान्याचं स्टिकर नीट मध्यभागी चिकटवलं. मुर्रीला नेऊन मामाजींसमोर मोठ्या ऐटीत ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. जवाई असल्यामुळे मला अरे-तुरे करणं त्यांना शक्य नव्हतं, त्यामुळे जे ऐकावं लागलं ते पूर्ण आदरार्थी होतं. "ज्या घरी खून झाला, त्या घरची फरशी तुमी पोलीस येण्याच्या आंधी धुऊन ठेवली, जवाईबापू. वरतून रांगोळी पण काढली."

दुसरा शाफ्ट भंगारात गेला होता. तिसरा मिलीच्या कोपऱ्यात कोंड्याखाली पडला होता. आपलाच तुटका माल शेठजींकडे परत मागताना जमिनीत जावंसं वाटलं. ते म्हणाले, "टूटा हुआ कौन वापस मांगता है?" मी कोंड्यात गुडघ्यांवर बसलेलो आणि डोक्यावर मामाजी: "तिथं नाही धराचं. तिथंही नाही. पुसू नका ना जी."

नागपूरच्या एक्स-रेमध्ये निघालं की शाफ्टच्या पृष्ठभागावर एका बाजूला ताण आहे. पण एक्स-रे कातडीपुरतं बोलतो, पोटातलं विचारायचं तर न्यूट्रॉन हवेत, आणि न्यूट्रॉन मुंबईला, अणुभट्टीत. विद्यापीठामार्फत अर्ज करता येत होता. तो मी केला. इंग्रजीत दोन पानं भरून कारखान्याचा गौरव लिहिला: उत्कृष्ट दर्जा, समाधानी ग्राहक, दोषरहित उत्पादन. उत्तर आलं की उत्पादन दोषरहित असल्यास तपासणीची गरज स्पष्ट होत नाही. मग मामाजींनी लिहिला. "शाफ्ट तुटतो. का तुटतो, मालूम नाही. एका माणसाची रोजी याच्यावर आहे." विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी तेवढंच इंग्रजीत करून पाठवलं आणि मंजुरी आली. माझा गोंदियाचा शाफ्ट, कोंड्यासकट, अणुभट्टीत गेला. त्या आठवड्यात मी ही गोष्ट पानठेल्यापासून सलूनपर्यंत सगळ्यांना सांगितली. शाफ्ट आपल्याच दोषामुळे तिथे गेलाय, याचा मला अभिमानात विसर पडला होता.

निकालाचा कागद घेऊन मामाजी कारखान्यात आले. बुधरामजींना बोलावून त्यांनी शेजारी बसवलं आणि आलेखावर बोट फिरवत म्हणाले, "आतमंदी एका अंगाले ओढ आहे, दुसऱ्या अंगाले दाब. भट्टीतून वाकडा निघाला, त्याले प्रेसखाली दाबून सरळ केला. सरळ केल्यावर हलक्या आचेवर शेकाले पाहिजे होता, तो शेकला नाही. म्हणून आतली ओढ तशीच राहिली."

सरळ केलेले शाफ्ट पुन्हा शेकायचे ही बुधरामजींची जुनी पद्धत. दोन वर्षांपूर्वी ती बंद केली मी. जुनाट आहे म्हणून, वेळ जातो म्हणून.

"तुम्ही बोलला का नाही, बुधरामजी?"

ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "तुमी इंजिनेर आहा ना जी."

मामाजींना त्या दिवशी मला मनसोक्त सोलून काढता आलं असतं. आदरार्थीमध्येसुद्धा. पण त्यांनी कागदाची घडी घातली, बुधरामजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मशीन कोणाचं नाव नाही सांगत. कुठं दुखते, तेवढंच सांगते." बुधरामजी उठले, भट्टीकडे गेले आणि काही न विचारता त्यांनी ती पेटवली. चौथा शाफ्ट शेठजींकडे अजून फिरतो आहे. तिसरा, कोंड्यासकट, माझ्या टेबलावर असतो, आणि येणाऱ्याला मी तो आधी दाखवतो, चहा नंतर.

मोतीबिंदू पिकल्यापासून मामाजींची मोपेड बंद आहे. तुटके तुकडे मात्र मुर्रीला येतच असतात, आता मिलवाले आपणहून आणून देतात. मामाजी ते मांडीवर घेतात, जखमेला न लागता कडेकडेने चाचपतात आणि कुठे न्यायचं ते सांगतात. न्यायला मी. परवा पहिल्यांदा एकटा नागपूरला निघालो. खिडकीच्या जागेवर गाठोडं ठेवलं आणि उभा राहिलो. कापड जरा सरकलं होतं, तुटक्या कडेवर धूळ दिसत होती, आणि हात सवयीने रुमालाकडे गेला. तिरोडा स्टेशन येत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"जवाईबापू, हात कुठं आहेत तुमचे?"

मी रुमालाने चष्मा पुसला. "खिशात आहेत, मामाजी."

मामाजी म्हणाले, "खिडकी लावून घ्या जी. त्याले हवा लागन."