भाऊंचा पाण्याचा डबा

"थांबा, तिले बोलू द्या."

गाडीची तक्रार सांगायला चालकाने तोंड उघडलं की भाऊ एवढंच म्हणायचे. चालू इंजिनाच्या बॉनेटवर तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि मिनिटभराने गाडीचं दुखणं सांगायचे. ते बहुधा बरोबरच निघायचं. असे कारागीर तुमच्याही पाहण्यात असतील. पण स्वतःचं म्हणणंही तेवढ्याच कसोशीने तपासणारा माणूस मी हा एकच पाहिला.

जामच्या चौकात त्यांचं गॅरेज होतं आणि जवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एकदा शाळेचा जनरेटर दुरुस्त करायला ते आले, तेव्हा मी दहावीच्या पोरांना पाण्यात वीज सोडून दाखवत होतो. दोन परीक्षानळ्यांत बुडबुडे जमत होते. जास्त भरलेल्या नळीच्या तोंडाशी मी पेटती काडी नेली, फट्कन आवाज झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागे दारात भाऊ पाना घेऊन उभे.

"सर, हे पाण्यातून निंगालं?"

"हो. हायड्रोजन."

"अन् जळते?"

"जळतो ना."

"मंग गाडीत काऊन नाई जाळत?"

वर्ग हसला. भाऊ हसले नाहीत.

महिनाभरात त्यांच्या जुन्या डिझेल जीपमध्ये एक जाड प्लास्टिकचा डबा बसला. आत पाणी, चिमूटभर कॉस्टिक सोडा आणि वहिनींच्या दोन स्टीलच्या ताटल्या कापून केलेल्या पट्ट्या. पट्ट्यांना बॅटरीच्या तारा. निघालेला गॅस नळीने इंजिनाच्या हवेत जायचा. ताटल्यांबद्दल वहिनी बरेच दिवस बोलत होत्या.

मी समजावलं, "भाऊ, बॅटरी भरतं इंजिन, आणि इंजिन पितं डिझेल. पाणी फोडायला जेवढी ताकद लागते, तेवढी गॅस जाळून परत मिळत नाही."

"तुमचं पुस्तक खरं असन, सर. पण जीप अ‍ॅव्हरेज जास्त देऊन राह्यली, थे बी खरं हाय ना?"

पंचाईत हीच होती. जीप खरंच जास्त अ‍ॅव्हरेज देत होती.

डिझेल महाग होत चाललं होतं, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. काळीपिवळी जीपवाले चौकशीला येऊ लागले. भाऊंनी एकेक करत अकरा गाड्यांना डबे बसवले. पवनारहून वर्ध्याला सवाऱ्या नेणारा एक जीपवाला तर रोज सकाळी डब्याला उदबत्ती ओवाळायचा.

मग कारंज्याचा एक सुट्या भागांचा व्यापारी आला. त्याला डबे मोठ्या प्रमाणावर विकायचे होते. छापायच्या खोक्याचा नमुनाच त्याने आणला होता. त्यावर लिहिलं होतं, 'पाण्यावर चालवा, डिझेल वाचवा'. भाऊंनी तो कागद कितीतरी वेळ पाहिला. संध्याकाळी माझ्या घरी आले.

"सर, तोंडानं बोललो थे येगळं. छापलं म्हंजे लोकं गावोगाव भरोसा ठेवतीन. मले फसवता येईन असं काई तरी करा. डबा चालू हाय का बंद, हे मलेच समजलं नाई पायजे."

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेच केलं. डब्याच्या तारेवर बटण बसवून ते मी एका पेटीत बंद केलं. रोज सकाळी ते चालू ठेवायचं की बंद हे मी ठरवायचो आणि वहीत लिहायचो. भाऊ खुणा केलेल्या कॅनमधलं डिझेल घेऊन हिंगणघाटला जाऊन परत यायचे, उरलेलं मोजायचे आणि त्यांच्या वहीत लिहायचे.

सुट्टी संपताना दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. डब्याच्या दिवसांत आणि बिनडब्याच्या दिवसांत फरक नव्हता.

"मंग अकरा गाड्यांचं वाढलं कसं?" भाऊंनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "डबा बसवताना तुम्ही आणखी काय काय करता?"

"एअर फिल्टर साफ करतो. नोझल पायतो. टायरची हवा पायतो."

"आणि चालकाला काय सांगता?"

"दामटू नको म्हणतो. डबा नवा हाय."

"भाऊ, ते अ‍ॅव्हरेज तुमच्या हाताचं आहे."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. पण त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः गावोगाव जाऊन डबे काढायला सुरुवात केली. पवनारच्या जीपवाल्याने हात धरला. "राहू द्या ना भाऊ, गाडी मस्त चालून राह्यली!"

"थे डब्यानं नाई चालत. माह्यं चुकलं," भाऊ म्हणाले आणि पाना लावला.

व्यापाऱ्याने मला चौकात गाठून सुनावलं, "सर, तुम्ही भाऊच्या पोटावर पाय दिला." ते वाक्य मला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिलं. चौकातले टवाळ भाऊंना 'पाणीवाले' म्हणू लागले. भाऊ हसून ओ द्यायचे.

काही वर्षांनी ते आजारी पडले. वर्ध्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा न राहवून विचारलं, "भाऊ, आपण मोजलं नसतं तर?"

"मीच तर मोजाले लावलं," ते म्हणाले. "तुमी कायले मनाले लावून घेता?"

पुढच्या आठवड्यात ते गेले.

तेरवीला पवनारचा जीपवाला पंगतीत माझ्या शेजारी बसला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "सर, तुमाले माईत हाय? डबा काढला तवापासून भाऊ दर महिन्याच्या पयल्या सोमवारी एसटीनं यायचे. फिल्टर साफ करून द्यायचे, हवा पायायचे. म्हणायचे, अ‍ॅव्हरेज देतो म्हणलं होतं ना तुले. अकराही जणांकडं जायचे."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"या महिन्यात पयल्या सोमवारी सवारी घेतलीच नाई मी," तो म्हणाला. "गाडी दारात उभी करून संध्याकाळपर्यंत वाट पायली. भाऊ आलेच नाई."