आत घेतलेला कोट

धोतराला माप नसतं. पायजम्याला नाडी असते. माणूस वाळत चालला तरी या दोन्ही गोष्टी त्याची चहाडी करत नाहीत. कोट करतो. हे मला वडिलांच्या आजारपणात कळलं. कळल्यावर मी जे केलं, त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यांना बघायला मिळालं नाही. बहीण आजही त्याचा दोष त्यांनाच देते.

आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. साताऱ्याजवळ आमचं गाव. आई लवकर गेली. घरी चुलती आणि बहीण असायच्या. मी सांगलीत राहून माधवनगरच्या एका गिरणीत कारकुनी करत होतो. पेन्शनीत आल्यावर आप्पांनी स्वतःचा असा पहिला कोट शिवायचं ठरवलं आणि कापड घ्यायला माझ्याकडे आले. दुकानात त्यांनी राखाडी लोकरीचं टोक मुठीत आवळून धरलं, मग मूठ उघडून सुरकुत्या कशा उलगडतात ते बघत बसले.

"घ्या की हवालदार, किती वेळ दाबताय?" दुकानदार म्हणाला.

"दम धरा शेठ. कापडाला जरा श्वास घिऊ द्या."

मग त्यांनी काठाचा एक धागा ओढला, काडीनं पेटवला आणि हुंगला. केस जळल्यासारखा वास आला. "लोकर हाय. भेसळीची गोळी झाली असती तर उठून गेलो असतो." दुकानदार म्हणाला, "दुकान पेटवलं नाही हे उपकार झाले!" आप्पा पोट धरून हसले.

शिंप्याला त्यांनी एकच गोष्ट बजावली: कोट खांद्यावर बसला पाहिजे. कंबर पुढेमागे करता येते, खांदा नाही.

त्या कोटाची त्यांनी जी निगा राखली, तेवढी आम्हा पोरांचीही कुणी राखली नसेल. घालून आलं की ब्रशचा हात वरून खाली, एकाच दिशेनं. लगेच ट्रंकेत ठेवायचा नाही, आधी अंगाची ऊब जाऊ द्यायची. खिशात सुटे पैसेसुद्धा टाकायचे नाहीत, खिसे लोंबतात. टांगायला गावच्या सुताराकडून रुंद खांद्याचा लाकडी हँगर करून घेतलेला. सुरकुती पडली तर इस्त्री न फिरवता न्हाणीघरात बंब पेटल्यावर कोट वाफेत टांगायचा. पावसाळ्यात कडुलिंबाची वाळली पानं फडक्यात बांधून सोबत ठेवायची. उन्हात कधीच नाही, कायम सावलीत.

एका दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं, अन्न जाईना. मी त्यांना सांगलीला आणून मिरजेच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की पोटात गाठ आहे, पसरली आहे, फार तर काही महिने. आप्पांना त्यांनी सांगितलं, आतड्याला जखम आहे, भरेल. आमच्याकडे रीतच तशी होती. रोग मोठा असला की रोगी सोडून सगळ्यांना सांगायचं. मी त्याच्याही पुढे गेलो. बायको सोडून कुणालाच सांगितलं नाही.

दर खेपेला मिरजेला जाताना आप्पा कोट घालायचे. एका सकाळी बटण लावून ते थबकले. पोटापाशी मूठभर कापड धरून म्हणाले, "ढिला का लागतुया रं?"

त्यांच्या डोळ्यांत भीती होती. हवालदाराच्या डोळ्यांत ती मी कधी बघितली नव्हती आणि मला ती बघवली नाही. कोटाला दवाखान्याचा वास लागलाय, धुवायला पेट्रोल वॉशला देतो, असं सांगून मी तो उचलला आणि सरळ शिंप्याकडे गेलो. मापं बायकोनं आधीच घेतली होती, मामंजींना स्वेटर विणायचा म्हणून. दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या. परत आणलेला कोट आप्पांनी अंगात चढवला. बटण लावलं. हात फिरवला.

"आता बग! अंग धरलंय की परत. औषध लागू पडतंय."

त्या दिवशी ते अर्धी भाकरी जास्त जेवले. मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं.

पुढच्या महिन्यात परत तसंच. या वेळी शिंपी म्हणाला, "साहेब, माणूस तोच नि कोट आटतोय, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. बाजू घेतो, पण खांदे कुठं नेऊ?" मी म्हटलं, काहीही करा. त्यानं अस्तर उसवून आत कापसाची गादी भरली. आप्पांचे उतरलेले खांदे त्या गादीवर उभे राहिले.

बहिणीचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. मुलगा शेजारच्या गावचा, फौजेत जवान. तो दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. त्याचे वडील मुद्दाम सांगलीला आमच्या घरी आले.

"हवालदार, माघात उरकून टाकू. पोराची रजा हाय तवर."

"घाई कशापायी पाव्हणं? वैशाखात करू. मला मांडवात हुबं ऱ्हायचंय, वाढायचंय, मिरवायचंय."

"तवा रजा मिळंल का न्हाई, काय सांगावं?"

"फौजेतली रजा मला शिकवू नगा. आन मी काय मरायला टेकलोय व्हय?" आप्पा उठले, खुंटीवरचा कोट घातला, तिन्ही बटणं लावली आणि छाती काढून उभे राहिले. "बगा की. दिवाळीत बसत हुता तसाच बसतुया."

पाहुणे हसले. "नवरदेव तुमीच दिसताय, आवं!" वैशाख ठरला. मी तिथेच चहाच्या कपबशा गोळा करत होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

पाहुणे गेल्यावर मी आप्पांच्या मागे लागलो. म्हटलं, वैशाखात ऊन फार. म्हटलं, चुलतीला झेपणार नाही. म्हटलं, मला तेव्हा सुट्टी मिळायची नाही. ते चिडवायचे, "लगीन तुझं हाय का तिचं? लय उतावळा झालायंस गड्या." आणि हात कोटाकडे जायचा. माझ्या प्रत्येक कारणाला त्यांचं उत्तर खुंटीवर टांगलेलं होतं, आणि ते मीच तयार करून दिलं होतं. माघ लागला. मुलाची रजा संपत आली. रात्री बायको म्हणायची, "सांगा त्यांना." मी म्हणायचो, उद्या.

शेवटी मला तोंडानं सांगता आलंच नाही. एका दुपारी आप्पा झोपलेले असताना मी दाढीचं पातं घेऊन बसलो आणि त्या सगळ्या शिवणी उसवल्या. गादी उपसून काढली. बायकोनं मूळ मापावर धावदोरा घालून दिला. आप्पा उठल्यावर मी कोट त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "आप्पा, जरा घाला."

त्यांनी घातला. तो त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा टांगावा तसा लोंबला. बाह्या बोटांवर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा हात काखेखालून शिवणीवर गेला. आत दुमडलेली कापडाची पट्टी आता बाहेर आली होती आणि तेवढीच नव्या कापडासारखी गडद होती, बाकीचं विटलेलं. दोन्ही खेपांच्या शिवणींची भोकं तिच्यावर ओळीनं दिसत होती. ज्यानं आयुष्यभर कापड पारखलं, त्याला आणखी काय सांगायचं होतं?

"ह्ये तू केलंस?"

"व्हय."

"कवाधरनं?"

"मार्गशीर्षापासनं."

ते खाली बसले. बराच वेळ कोटाची बटणं लावत होते, काढत होते. मग म्हणाले, "जावयाची रजा कवा सपती?"

"आठवड्याभरात."

"आन तू आज सांगतुयास." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चल. आत्ताच्या आत्ता सातारची गाडी धर. पाव्हण्यांच्या दारात जाऊन सांगतो, पोरीला उद्याच्या उद्या न्या म्हणून."

आम्ही निघालो. कोट त्यांनी तसाच, लोंबता, अंगावर ठेवला. कऱ्हाडच्या अलीकडे, मलकापूरपाशी, त्यांना रक्ताची उलटी झाली. कंडक्टरनं गाडी थांबवली. मी त्यांना रस्त्याच्या कडेला उतरवलं, एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडलो आणि परत मिरजेला त्यांच्या डॉक्टरांकडे आणलं. साताऱ्याला ते पुन्हा पोचले नाहीत.

बहीण आणि चुलती दवाखान्यात आल्या. बाप असा निजलेला असताना ती कसल्या बोहल्यावर उभी राहते? रजा संपायच्या आदल्या दिवशी मुलगा भेटायला आला आणि खाटेशी अवघडून उभा राहिला. आप्पांनी त्याच्या जाकिटाची बाही चिमटीत धरली, चोळून बघितली. "टेरीकॉट हाय. तिकडच्या थंडीला उपेग न्हाई. लोकरीचं घिऊन जा." तो "जी" म्हणाला. एवढंच त्या दोघांचं बोलणं झालं.

तो गेल्यावर आप्पांनी मला जवळ बोलावलं. "पोरीला वाटंल, बापानं अडवलं. तिला तू सांग. मला आता दम न्हाई."

मी म्हटलं, सांगतो.

फाल्गुनात आप्पा गेले. पुढच्या वर्षी त्याच मुलाशी बहिणीचं लग्न झालं. कन्यादान मी केलं. तेव्हा सांगायचं राहिलं, मग तिला पहिलं मूल झालं तेव्हा राहिलं, मग राहतच गेलं. दर श्राद्धाला ती येते. पानं वाढून झाली की म्हणते, "दादा, आप्पांनी एवढं ऐकलं असतं तर माझ्या डोक्यावर अक्षता टाकूनच गेले असते. हट्टीच माणूस." जावई शेजारी मान हलवतात. मी नुसता "हं" म्हणतो. मेलेल्या बापाला लेकीसमोर हट्टी ठरवायला माझं तेवढं एक अक्षर दरवर्षी पुरतं.

हे लिहून तिच्या हातात द्यावं असं मनात आहे. पण ती वाचायला लागली की समोर बसायची माझी छाती होईल का, हे मला आत्तासुद्धा सांगता येत नाही. आप्पांनी "लिही" म्हटलं नव्हतं. "सांग" म्हटलं होतं.