एका पायाचा सारस

कामठ्यात पत्ता विचारायला मी एका अंगणात शिरलो, तर चुलीपुढे बसलेल्या म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. कढईत शिसं वितळत होतं. घामाचा थेंब पडला तर ते अंगावर उडतं, म्हणून त्याने कपाळाला दुपट्टा घट्ट बांधला होता. शिसं पुरतं तापलं का ते पाहायला त्याने धानाची वाळलेली काडी कढईत बुडवली. ती करपली, तसं पळीने शिसं मातीच्या साच्यात ओतलं आणि मग मोकळेपणी हसला.

"सारस बनवून राहिलो जी. मान येते, पंख येते, पाय काही येत नाही."

"मग काय करता?"

"पुन्हा वितळवतो. हौस आहे जी. शिसा काही रुसत नाही."

निवल्यावर त्याने साचा फोडला. एक पाय मोडलेला, दुसरा शाबूत. मला वाईट वाटलं. त्याने मात्र शाबूत पाय ओल्या मातीच्या गोळ्यात रोवला आणि सारस उभा राहिला.

"अहो, पण एकच पाय!" मी म्हणालो.

त्याचं बोट पुन्हा ओठांवर गेलं.

"हळू बोला जी. एका पायावर आहे, मंजे झोपला आहे तो."

पत्ता मी कुजबुजतच विचारला.