खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

आता काय सांगू तुम्हाला! चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. पंधरा वर्षं झाली, बंद पडलेली यंत्रं चालू करतोय. पण काळेवाडीत, शेजारच्या शेलारकाकांच्या घरी, एक चालू यंत्र मी स्वतःच्या हातानं बंद पाडलं. तेही पूजा करून!

काकांकडं तरुणपणातला होम कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचे. नवं लग्न झालं तेव्हा काकांनी पडद्यावर काकूंचं नाव वेलबुट्टीत काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. काकू बघायला बसल्या आणि लाइट गेली. परत आली ती अशी दणक्यात, की कॉम्प्युटरच जळाला. कॅसेट तेवढी उरली, आणि काकूंचं बघायचं राहिलं ते राहिलंच.

मी म्हटलं, "काका, आत नवा बोर्ड बसवतो. त्यातल्या चिपची जोडणी लॅपटॉपवरून हवी तशी करता येते. ती आतून तुमचा जुना कॉम्प्युटरच होते!"

"व्हय? मग बसव की!"

बसवला. कंपनीच्या लॅपटॉपवरून जोडणी चढवली, पडद्यावर कर्सर लुकलुकायला लागला. काकांचे डोळे भरून आले. "खंडेनवमीला दाखवू हिला," म्हणाले. तोवर आठवडाभर कॉम्प्युटर चालूच ठेवला.

आता खंडेनवमीला आम्ही कंपनीत काय करतो? मशीन बंद, हळदकुंकू, हार, नारळ, मग मशीन चालू. सकाळी तेच उरकून मी आलो. काकू नवी साडी नेसून समोर बसलेल्या. हाताला सवय हो! ऐटीत बटण बंद केलं, कुंकू लावलं, नारळ फोडला, बटण दाबलं.

पडदा काळा.

"कुंकू आत गेलं असणार!" कीबोर्ड उघडून ब्रशनं झाडला. काळाच. वायर बदलली. माझ्या घरचा टीव्ही उचलून आणला. काळाच! शेवटी मी नारळाच्या पाण्यावर आळ घेतला.

काका शांतपणे म्हणाले, "आरं, ती जोडणी बोर्डात सेव्ह केली व्हतीस का? आमचा जुना पण बंद केला की समदं इसरायचा. म्हणून तर कॅसेट!"

नव्हती केली. दोन मिनिटांचं काम, राहून गेलं. लॅपटॉप चाकणला कंपनीच्या कपाटात, कंपनीला अर्ध्या दिवसानं कुलूप, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्याच कपाटावर पाटी आहे, 'बंद करण्याआधी बॅकअप घ्या.' अक्षर माझंच.

काकू पदर सावरत उठल्या.

"मागच्या टायमाला लाइट गेली व्हती," त्या काकांना म्हणाल्या. "ह्या टायमाला ह्यो आला."