मुरुतच्या मरणाची बातमी

आमच्या जंगाक-साय गावात मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. ती सांगायला माणूस लागतो, आणि गेली बावीस वर्षं तो माणूस मी आहे. उजाडल्यावर जायचं, बरोबर एखादा पिकल्या दाढीचा म्हातारा घ्यायचा, चहा पुढे आला तरी पेल्याला हात लावायचा नाही, आणि मग पाटाचं पाणी डोंगराला वळसा घालून यावं तसं बोलत बोलत त्या नावापाशी यायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. अक्रोडाच्या रानात एकट्यानं राहून मी शब्द वेचले, आणि किडका शब्द माझ्या पोत्यात कधी गेला नाही. एकदाच चुकलो, ते सेइलकान-एजेच्या घरी.

एजे म्हणजे थोरली बहीण. शेजारी म्हणून मी म्हणायचो, मग सगळं गाव म्हणू लागलं. नवरा तरुणपणीच गेला. एकुलता एक मुलगा कुबान रशियात बांधकामावर. घरात ती आणि तिचा संशय, दोघंच. बाहेर जाताना ती दाराच्या फटीत अक्रोडाचं टरफल अडकवून जायची आणि आल्यावर ते जागचं हललं का बघायची. नांगरलेल्या शेतासारखा तिचा चेहरा, सगळा आठ्यांचा. एकदा मला म्हणाली, "तोकोन, माझ्या गाईचं दूध आटलं बघ. तुझं मांजर मात्र गुटगुटीत झालंय."

अशा बाईनं जीव लावला तो एका उंदराला.

चार पानगळींपूर्वीची गोष्ट. अक्रोड वेचायला सगळं गाव रानात तंबू ठोकून होतं. आमचे रानउंदीर धिप्पाड, झाडांच्या पोकळीत अक्रोडांचे ढीग साठवतात. मी एका खोडाला धुरी दिली आणि अर्धं पोतं अक्रोड काढले. मागोमाग एक पिल्लू लडबडत बाहेर आलं, मिश्या जळलेल्या, डोळे मिटलेले. मी ते शेपटीला धरून कुत्र्यापुढे टाकणार, तोच एजेनं माझं मनगट धरलं.

"त्याचं घर लुटलंस ते पुरे नाही झालं का तुला?"

डोक्याचा रुमाल सोडून तिनं त्यात पिल्लू गुंडाळलं. कापसाच्या वातीनं दूध पाजलं. मिश्या पुन्हा उगवल्या, त्या अशा लांबसडक की तिनं त्याचं नाव मुरुत, म्हणजे मिशीच, ठेवलं. तो तिच्या बाहीत झोपायचा. ती अक्रोड फोडत बसली की ढिगातून एकेक उचलून चुलीमागे न्यायचा. ती बघत राहायची आणि हसायची. तिला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"चोरतो, पण माझ्या डोळ्यांदेखत चोरतो," म्हणायची. "तुम्ही माणसं माझी पाठ वळायची वाट बघता."

मागच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेसाठी शहरात बहिणीकडे जाणं भाग होतं. मुरुतला कुठे ठेवायचं? चार घरं तिनं मनातल्या मनात पारखली, चारही नापास केली, आणि शेवटी कपाळाला आठी घालून माझ्याकडे आली.

"तुझ्या कोठारात उंदरांचं औषध असतं."

"असतं, एजे. कोठारात. हा माझ्या चुलीपाशी राहील."

"नानवर हात ठेव."

मी भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. तिनं त्यातला तुकडा मोडला, अर्धा मला चावून खायला लावला आणि माझ्या दातांच्या खुणा असलेला उरलेला अर्धा रुमालात बांधून छातीशी ठेवला.

"परत आल्यावर बघू," म्हणाली.

सहाव्या दिवशी सकाळी मुरुत माझ्या जुन्या टोपीत निपचित सापडला. तीन वर्षं म्हणजे उंदराला म्हातारपणच. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. कोठाराचं दार तीनदा तपासलं, औषधाची ताटली जिथल्या तिथं होती. बायकोकडे संशयानं बघितलं. गुल्सून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी तर त्याला मलई घालत होते." त्याला कापडात गुंडाळून पेटीत घातलं आणि पेटी बर्फात पुरली. एजेला बघू दिल्याशिवाय माती देणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखं होतं.

ती परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी इसाकबाबांना साक्षीला घेतलं. त्यांची दाढी गावात सगळ्यांत पांढरी. एजे एका डोळ्यावर पट्टी बांधून चहा ओतत होती. आम्ही टोप्या काढून बसलो. पेल्याला हात लावला नाही.

पट्टीबाहेरचा डोळा आमच्यावरून फिरला.

"चहा का घेत नाही?"

मी घसा साफ केला. "एजे, तळ्यावरचा हंस उडून गेला तर तळ्यानं काय करावं?"

किटली तिच्या हातून सुटली. गरम पाणी जमिनीवरच्या लोकरी नमद्यावर पसरलं.

"कुबान!" ती किंचाळली.

"नाही, नाही! मुरुत गेला, एजे. मुरुत."

"खोटं बोलू नकोस. सादिकचा भाऊ दरीत पडला तेव्हा तू त्याला आधी काय सांगितलंस? घोडी आजारी आहे म्हणालास. मी तिथं होते. तू लहानापासून सुरू करतोस."

खरं होतं. माझीच रीत माझ्यावर उलटली होती. इसाकबाबा म्हणाले, "पोरी, दाढीची शपथ, उंदीरच मेला."

"एका उंदरासाठी तुम्ही टोपी काढलीत, बाबा?"

बाबांनी घाईघाईनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मुरुतची पेटी आणायला मी गुल्सूनला हाक मारली, तर तिच्या कानावर नुसती एजेची किंचाळी गेली होती. मयताच्या घरी जातात तशी ती रडत ओरडत धावत आली. तिच्यामागे आणखी दोघी शेजारणी, "कुबान, माझ्या लेकरा!" असा गळा काढत. एजेनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वतःच क्षणभर घाबरलो. खरंच मला न कळता काही झालं तर नसेल?

फोनला रेंज फक्त मशिदीमागच्या चढावर. ती चालवत नसताना बर्फातून वर गेली, आम्ही सगळे मागे. कुबानचा फोन बंद. पुन्हा बंद. "रविवारीसुद्धा बंद?" ती पुटपुटली. ती दगडावर बसली, आणि तिच्याजवळ जायची कुणाची छाती झाली नाही. मी तिथं उभा राहून बावीस वर्षांत वेचलेले सगळे शब्द मनातल्या मनात उकिरड्यावर ओतत होतो.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा फोन वाजला.

"आई? पाळीवर होतो. काय झालं?"

तिचा आवाज करडा झाला. "कोण बोलतंय?"

"मी कुबान."

"तुझ्या गुडघ्यावर वण कशाचा?"

"आई, हे काय..."

"सांग!"

"तोकोनकाकांच्या झाडावर अक्रोड चोरायला चढलो होतो तेव्हाचा. तू म्हणालीस, कुणाला सांगू नकोस."

एजेनं डोळा मिटला. मग माझ्याकडे वळून न बघताच म्हणाली, "ऐकलंस ते विसर."

तिनं फोन ठेवला. आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की आम्ही खरं सांगितलं होतं.

"म्हणजे मुरुत..."

मी पेटी आणली. तिनं कापड सोडलं, त्याचं तोंड उघडून वास घेतला, दात पाहिले, पोट चाचपलं. वैद्य बघणार नाही इतक्या बारकाईनं. शेवटी तिनं त्याच्या मिश्या बोटानं सरळ केल्या, आणि तेव्हा कुठे रडली. मघाशी मुलासाठी टिपूस काढलं नव्हतं तिनं, ते सगळं त्या मिश्यांवर पडलं.

त्याच खोडाखाली खड्डा केला, जिथून मी त्याला धुरी देऊन काढला होता. चुलीमागे त्यानं साठवलेले अक्रोड तिनं त्याच्याबरोबर ठेवले. एकही मागे ठेवला नाही.

माती लोटून झाल्यावर तिनं छातीशी हात घालून रुमाल काढला. त्यात भाकरीचा तो तुकडा, वाळून दगड झालेला.

"खा," म्हणाली.

खोट्या शपथेची भाकरी घशात अडकते, असं आमच्याकडे मानतात. मी ती दाढेखाली घेतली. दाढ करकरली. एजे अगदी समोर येऊन, एका डोळ्यानं माझ्या गळ्याकडे बघत उभी राहिली, शेवटचा घास खाली उतरेपर्यंत.